वावड्याची वही

‘वावडे’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. कुणाला वांग्याचे वावडे असते, कुणाला शिस्तीचे, तर कुणाला खरे बोलण्याचे. मुळात मात्र हा शब्द खाण्यापिण्यातला. जे अंगाला मानवत नाही, ते वावडे. घरात कुणाला काय चालत नाही, ही माहिती पूर्वी एकाच ठिकाणी असे; ते ठिकाण म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईचे डोके. थोरल्याला अंडे सोसत नाही, धाकटीला दाण्याचे कूट नको, सासूबाईंना हरभऱ्याची डाळ बाधते. हे कुठे लिहिलेले नसे. आता ही माहिती मोबाइलमध्ये ठेवण्याची सोय झाली आहे. आपले वावडे त्यात नोंदवायचे, दुकानातल्या पाकिटावरच्या काळ्या रेघोट्या कॅमेऱ्यासमोर धरायच्या, की हे खायचे की नाही ते फोन सांगतो. आईच्या डोक्यापासून या फोनपर्यंतचा प्रवास कसा झाला आणि आपल्या नांदेड-लातूरकडे येऊन तो कुठे अडतो, ते आज पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळी वावडी सारखी नसतात. दूध प्यायल्यावर पोट फुगणे निराळे, मसालेदार खाऊन जळजळणे निराळे आणि अन्नाची खरी ॲलर्जी निराळी. खऱ्या ॲलर्जीत आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजते. तीव्र ॲलर्जी असेल तर काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, घसा आवळतो, दम लागतो, रक्तदाब घसरतो. या अवस्थेला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणतात. हा शब्द अनोळखी वाटेल, पण त्याच्याशी आपल्यातल्या बहुतेकांची गाठ पडलेली आहे. २०२१ साली करोनाची लस घेतल्यावर आपल्याला अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवत होते, आठवते? ते मुख्यतः याच्यासाठी. लाखांत एखाद्याला असा झटका आलाच, तर तो डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर यावा आणि लगेच औषध देता यावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. लसीच्या खोलीत ही काळजी घेतली गेली. जेवणाच्या पंगतीत ती कोण घेणार?

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणायची पद्धत आहे. मग आमसुलाचे पाणी चोळायचे आणि घोंगडी पांघरून पडायचे. पुष्कळदा तेवढ्याने भागते, कारण गांधी बऱ्याचदा आपल्या आपण बसतात. पण त्याच वेळी श्वासाला घरघर लागली असेल, आवाज बसला असेल किंवा माणसाला भोवळ येत असेल, तर त्या एका शब्दामुळे मोलाची वेळ हातची जाते. नाव चुकले की उपाय चुकतो.

या रोगाला खरे नाव मिळाले त्याला सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत. एकाला मानवणारे अन्न दुसऱ्याला बाधते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. आयुर्वेदात सात्म्य-असात्म्याचा विचार आहे. ग्रीक वैद्यांनीही चीज काहींना मानवते आणि काहींना त्रास देते, याची नोंद केलेली आहे. पण असे का होते, याचा धागा हाती लागला तो समुद्रावर. १९०१ मध्ये मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ विषारी सागरी प्राण्यांचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना अल्प प्रमाणात टोचून पाहिले. लसीप्रमाणे यामुळे कुत्र्यांची सहनशक्ती वाढेल, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. पहिला डोस पचवलेला धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी दुसऱ्या लहानशा डोसाने थोड्याच वेळात मेला. संरक्षणाच्या उलट म्हणून १९०२ मध्ये त्यांनी या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस म्हटले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. या झटक्यावरचे औषध, म्हणजे ॲड्रिनॅलिन, जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी त्याच सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. आजही या आजारावरचे पहिले औषध तेच आहे.

रोग कळला, औषधही होते. पण नेमके काय खाल्ल्यामुळे हे घडते, ते कसे शोधायचे? १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस या डॉक्टरांनी एका मुलाच्या त्वचेवर चाचण्या करून त्याला अंडे, बदाम आणि ओट बाधतात हे दाखवून दिले. पुढे १९२०-३० च्या काळात कॅलिफोर्नियाच्या अल्बर्ट रो यांनी एकेक पदार्थ जेवणातून वगळून पाहण्याची पद्धत रूढ केली. त्यासाठी काय खाल्ले, केव्हा खाल्ले आणि किती वेळाने काय झाले, हे रोजच्या रोज लिहून ठेवावे लागते. आजच्या ॲपमध्ये ‘फूड डायरी’ म्हणून जो विभाग असतो, तो म्हणजे हीच वही. तारीख-वेळ आपोआप पडते, फोटो काढता येतो, डॉक्टरांना पाठवता येते. काम तेच आहे.

या वहीत काय लिहायचे, यालाही शिस्त लागते. कर्नाटकात प्रौढांमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत २६ टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. प्रत्यक्षात ॲलर्जी असावी असे लोक मात्र १.२ टक्के निघाले. याचा अर्थ असा की नुसता रक्ताचा अहवाल आणून त्यातली वीस नावे मोबाइलमध्ये भरली, तर पोरगे उगीच उपाशी राहील. यादी डॉक्टरांनी पक्की करावी, फोनने ती फक्त सांभाळावी.

आता पाकिटाकडे येऊ. घरी शिजवलेल्या अन्नात काय आहे ते विचारता येते. बंद पाकिटाला विचारता येत नाही. म्हणून लेबल आले. अमेरिकेत २००४ मध्ये कायदा झाला आणि दूध, अंडे, मासे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन यांसारख्या प्रमुख पदार्थांची नावे पाकिटावर सोप्या भाषेत छापणे बंधनकारक झाले. आपल्याकडे शाकाहाराचा हिरवा ठिपका २००१ पासून आहे. ॲलर्जीच्या सूचनेला त्यानंतर बराच काळ लागला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी ग्लुटेन असलेली धान्ये, झिंगे-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांची वेगळी नोंद पाकिटावर करायला लावली. ‘कंटेन्स’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी ती बारीक अक्षरांतली ओळ म्हणजे हीच.

पाकिटावरच्या काळ्या रेघा, म्हणजे बारकोड, दुकानात पहिल्यांदा वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पुड्यावर. तो फक्त किंमत जुळवण्यासाठी होता. भारतात नोंदलेल्या उत्पादनांचा आकडा ८९० ने सुरू होतो. आकड्यात घटकांची माहिती नसते. तो नुसता पत्ता असतो. त्या पत्त्यावर माहिती कुणीतरी आधी लिहून ठेवलेली असावी लागते. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये स्तेफान जिगांदे यांनी ‘ओपन फूड फॅक्ट्स’ नावाचे खुले कोठार सुरू केले. जगभरचे स्वयंसेवक पाकिटांचे फोटो काढून त्यात घटक भरतात आणि अनेक ॲप त्याचा आधार घेतात. मोठ्या कंपन्यांची बिस्किटे त्यात सापडतात. आपल्या पेठेतल्या फरसाणवाल्याची पिशवी बहुधा सापडणार नाही. शिवाय कंपनीने घटक बदलले आणि कोठारातली नोंद जुनीच राहिली, तर फोन मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देईल. म्हणून फोनने होकार दिला तरी पाकिटावरची ओळ डोळ्यांनी वाचावी. कायद्याने ती इंग्रजीत किंवा हिंदीत असली तरी चालते, मराठी सक्तीची नाही. ज्या आईला इंग्रजी येत नाही, तिच्यासाठी कॅमेऱ्यातून मजकूर मराठीत करून दाखवणारी सोय खरोखर उपकारक आहे.

इथवरचा इतिहास परदेशातून आपल्या पाकिटापर्यंत आला. आपल्या ताटाचा इतिहास वेगळा आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय जहाजांमागून तो भारतात आला. चरकाला आणि सुश्रुताला तो माहीत नव्हता. तरी तो आपल्यात असा मिसळला, की उपवासाला गहू चालत नाही पण हा परदेशी दाणा चालतो. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली, पेठ वाढली, डाळी आणि तेलबियांचा व्यापार भरभराटला. पुढे लातूरला गळीतधान्याचे संशोधन केंद्र झाले, भुईमुगाच्या नव्या जाती निघाल्या. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने शेते व्यापली आणि लातूरचा बाजार सोयाबीनच्या भावासाठी राज्यभर ओळखला जाऊ लागला. शेंगदाणा, हरभरा, तूर, सोयाबीन ही या भागाची लक्ष्मी. ही सगळी एकाच कुळातली, शेंगा धरणारी पिके. आणि ॲलर्जीच्या दृष्टीनेही या कुळावर लक्ष ठेवावे लागते.

इथेच परदेशी यादी तोकडी पडते. १९९७ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी हरभऱ्यामुळे आलेल्या ॲनाफिलॅक्सिसची नोंद आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात केली. म्हणजे हा धोका महाराष्ट्रातल्याच डॉक्टरांनी जगापुढे मांडलेला आहे. तरी सक्तीच्या यादीत झिंगे आहेत, हरभरा नाही. तीळही नाही. नांदेडच्या माणसाला झिंगे वर्षातून किती वेळा भेटतात आणि बेसन दिवसातून किती वेळा? भजी, शेव, पिठले, झुणका, लाडू. ज्याला हरभऱ्याची ॲलर्जी आहे त्याने ‘कंटेन्स’च्या ओळीवर विसंबून चालणार नाही, घटकांची सगळी यादी वाचावी लागेल. ॲपमध्येही तयार यादीवर खूण करून थांबू नये. हरभरा आणि तीळ ही नावे स्वतः लिहून टाकता येतात का, ते आधी पाहावे.

माझ्या भाचीची मुलगी नांदेडहून लातूरला शिकायला गेली. बारावी आणि वैद्यकीय प्रवेशाची तयारी, हा ‘लातूर पॅटर्न’चा रस्ता मराठवाड्यातल्या हजारो मुलांचा आहे. तिला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. तिच्या फोनमध्ये ॲप आहे, त्यात तिची यादी, डॉक्टरांनी लिहून दिलेली सूचना, घरचे नंबर, इंजेक्शनची मुदत संपण्याची तारीख, असे सगळे आहे. पहिल्या आठवड्यात तिने मेसच्या मावशींना विचारले, “मावशी, भाजीत कूट आहे का?” मावशी म्हणाल्या, “न्हाई बाई, कूट न्हाई घातलं. नुसतं वाटण हाय.” वाटणात भाजलेले दाणेच होते. मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी कूट वेगळे आणि वाटण वेगळे. शेजारच्या मुलीने सहज विचारले, “वाटण कशाचं?” म्हणून कळले.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ॲपमध्ये एकच शब्द होता, ‘पीनट’. आपल्या स्वयंपाकघरात त्याची दहा नावे आहेत. दाणे, कूट, वाटण, दाण्याची आमटी, चटणी, चिक्की, लाडू, खिचडीतले दाणे, भरल्या वांग्यातला मसाला आणि घाण्याचे तेल. कारखान्यात शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकते. आणि लाकडी घाण्याचे तेल तर आता हौसेने आणतात. मुलीच्या आईने मग वहीच्या कागदावर ही दहा नावे मराठीत लिहून काढली. पोरीने त्याचा फोटो फोनमध्ये ठेवला आणि कागद मेसच्या भिंतीवर चिकटवला. मावशींनी त्या दिवसापासून तिची भाजी दाणे घालायच्या आधीच वेगळ्या पातेल्यात काढून ठेवायला सुरुवात केली, तिच्यासाठी पळीही निराळी ठेवली. ही युक्ती ॲपने सुचवली नव्हती.

उघड्या अन्नाचा हा प्रश्न केवळ आपला नाही. २०१६ मध्ये नताशा एडनन-लापरूझ ही १५ वर्षांची इंग्रज मुलगी लंडनहून विमानाने निघाली. विमानतळावर घेतलेल्या पावात तीळ होते, वेष्टनावर तसे लिहिलेले नव्हते. पदार्थ दुकानातच बांधलेला असल्याने तसे लिहिण्याची सक्तीही नव्हती. मुलगी गेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून तिथे दुकानात बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही घटकांची पूर्ण यादी छापणे बंधनकारक झाले. लोक त्याला ‘नताशाचा कायदा’ म्हणतात. आपल्याकडे हॉटेलांनी ॲलर्जीची माहिती द्यावी हा नियम आहे, पण तो केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या आस्थापनांसाठी. एस.टी. स्टँडवरचा वडापाव, शिकवणीच्या गल्लीतली खानावळ, लग्नाची पंगत, वेळा अमावस्येला शेतातली भज्जी आणि आंबील, गुरुद्वाऱ्यातला लंगर, शाळेतली खिचडी यांना ना बारकोड, ना छापील यादी. आणि आपण जेवतो ते बहुतांशी इथेच.

म्हणून ॲप टाकून द्यावे का? मुळीच नाही. पाकिटांच्या जगात ते चांगले सोबती आहे. मुदतीची आठवण करून देते, प्रवासात परक्या भाषेत ‘मला हे चालत नाही’ असे लिहून दाखवते, झटका आल्यावर घाबरलेल्या मैत्रिणीला पुढे काय करायचे ते सांगते. फक्त फोन बंद पडू शकतो, गावात रेंज जाऊ शकते. तेव्हा तीच सूचना एका कार्डावर लिहून दप्तरात असावी. फोनला कुलूप असेल, तर आणीबाणीची माहिती कुलपाबाहेरच्या पडद्यावर दिसेल अशी ठेवावी.

झटका आलाच तर क्रम असा. श्वासाला त्रास, घशाला आवळल्यासारखे, भोवळ, सतत उलट्या यांपैकी काही दिसले तर आमसूल नाही, ॲलर्जीची गोळी घेऊन वाट पाहणे नाही. डॉक्टरांनी आधीच शिकवून ठेवले असेल तर ॲड्रिनॅलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, आणि लगेच १०८. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. माणसाला आडवे करावे. दम लागला असेल तर टेकून बसू द्यावे. उठवून चालवू नये. परदेशात पेनासारखे तयार इंजेक्शन १९८० च्या दशकापासून मिळते. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही, महागही पडते. साधे ॲड्रिनॅलिनचे अँप्युल मात्र स्वस्त असते आणि लसीकरणाच्या वेळी ठेवल्या जाणाऱ्या किटमध्येही असते. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन एकदा ओळख करून ठेवावी.

राहता राहिला प्रश्न मेसचा. लातूर आणि नांदेडमध्ये परगावची हजारो मुले घरापासून दूर जेवतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना असा त्रास असेल, पण त्या थोड्यांसाठी रोजची दोन जेवणे ही दोन परीक्षाच असतात. मेसचालकांनी मुलाची नोंदणी करताना नाव-गाव-फी याबरोबर एक ओळ वाढवावी: वावडे काय? आणि रोजच्या भाजीच्या फळ्यावर खाली एवढेच लिहावे, आज दाणे कशात आहेत, बेसन कशात आहे, तीळ कशात आहेत. याला कायदा लागत नाही, इंटरनेट लागत नाही, खडूचा एक तुकडा पुरतो. पोराने त्या फळ्याचा फोटो काढून घरी पाठवला, की नांदेडला बसलेल्या आईला कळेल की आज लेकीने काय खाल्ले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)